शेंदूर लावलेली पाचर

खंडेनवमीच्या दिवशी गॅरेजमधलं एकही हत्यार कामाला लावायचं नाही, हा ताराक्कांचा कायदा. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याची गाडी दसऱ्यापर्यंत दारात उभी. पान्हे, पकडी, जॅक, मीटर, इतकंच काय तर हवा भरायची नळीसुद्धा घासूनपुसून पाटावर मांडली जायची आणि आक्का एकेकाशी बोलत हळदकुंकू लावायच्या. "बारा नंबर, बस इथं. वर्षभर लई हिंडलास." पान्ह्याला असं दटावणारी बाई गारगोटी रस्त्यावर दुसरी नव्हती.

पाटाच्या मधोमध पाचर. पंजाएवढी, पांढऱ्याशुभ्र चिनीमातीची, वर रुंद, खाली निमुळती, अंगावर आडव्या खाचा. उभी केली की रानातल्या एखाद्या देवीच्या तांदळ्यासारखी, बिनचेहऱ्याच्या शिळेसारखी दिसायची, आणि आक्कांनी तिला तांदळाच मानलं होतं. हळदकुंकू बाकीच्या हत्यारांना. पाचरीला मात्र तेलात कालवलेला शेंदूर, तोही खाचाखाचांतून बोट फिरवून. कारण ही पाचर आक्कांच्या भावाच्या मरणातून जन्मली होती.

ते असं झालं. गाड्यांच्या मोठ्या बॅटऱ्या पूर्वी लवकर म्हाताऱ्या व्हायच्या. खड्डे, हादरे, ऊन यांनी आत केसासारख्या चिरा पडायच्या आणि बॅटरी आतल्या आत मरायची. मग कुणा शहाण्यांनी बॅटरीत एक नवा रस भरला. खळीसारखा दाट, आणि त्यात धातूचे कण विरघळलेले. कुठं चीर पडली आणि तिच्या दोन काठांमध्ये विजेचा दाब असला, की हे कण एका काठाकडून दुसऱ्याकडे चालायला लागत. एकाला एक चिकटत, शेवाळासारखे तंतू वाढत आणि चीर सांधली जाई. माणसाचं मोडलेलं हाड जुळायला महिने लागतात, हिला दुपार पुरायची. लोकांनी तिचं नाव जित्ती बॅटरी ठेवलं. पेट्रोल आणि वीज अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या एकाच बॅटरीवर जन्म काढू लागल्या, आणि सगळे खूश झाले. सगळे इतके खूश असले की कुणाच्या तरी घरावर पाळी येणार, हे समजून जावं.

अशी बॅटरी गाडीतून काढायची एक रीत होती. किल्ली लांब ठेवायची, छोट्या बॅटरीची तार सोडायची, हातात जाड रबरी मोजे घालायचे आणि मोठ्या बॅटरीच्या पोटातला नारिंगी प्लग उपसायचा. तो प्लग म्हणजे बॅटरीच्या दोन अर्ध्यांमधला पूल. पूल काढला की चारशे व्होल्टचा जोर मोडतो. मग उरलीसुरली वीज निवेपर्यंत थांबायचं, मीटरवर शून्य बघायचं, आणि हात घालायचा. पण जखम कुठली आणि मुद्दाम केलेला छेद कुठला, हे रसाला कसं कळावं? त्यानं प्लगची मोकळी जागाही जखमच धरली. आक्कांचा धाकटा भाऊ सदाशिव प्लग काढून, शून्य बघून, भाकरी खायला उठला आणि जेवून दुपारभर आडवा झाला. सुपारी चघळत परत आला, तेव्हा त्यानं स्वतःच्या हातानं मारलेली बॅटरी जिती होऊन बसली होती.

त्याची बायको शालन तेव्हापर्यंत त्याला नुसते पान्हे उचलून देणारी. दिवस झाल्यावर ती सांगलीकडच्या एका कारखान्यात गेली. तिथं विजेच्या खांबांवर तारा पेलणारे, वीज अडवणारे चिनीमातीचे बुटके घडवायचे. तिनं तिथून ही पाचर करून आणली. प्लग निघाला की त्याच जागी पाचर ठोकायची. गुळगुळीत चिनीमातीवर तंतूला पाय रोवता येत नाही, आणि खाचांमुळे त्याची वाट इतकी लांबते की तो मध्येच दमतो. पाचर मारणं म्हणजे चालत्या कामाचा खोळंबा करणं, असं लोक समजतात. शालनच्या गॅरेजात तेच पुण्याचं काम होतं. पुढं जिल्ह्यातल्या सगळ्या मिस्त्र्यांनी तशा पाचरी करून घेतल्या.

घरात माणसं तीन. शालन, तिची नणंद ताराक्का, आणि आक्कांचा मुलगा इंद्रजित, म्हणजे इंदर. सासर सोडून तान्ह्या इंदरला काखेत मारून आक्का माहेरी आल्या, त्याला जमाना लोटला. इंदरला सायकल, पोहणं आणि शिव्या, तिन्ही मामानं शिकवलं. आता तो वडापची, सीट भरून माणसं नेणारी गाडी चालवायचा, अर्थातच जित्ती बॅटरीवाली.

त्या खंडेनवमीला आक्का पाचरीवर शेवटचं बोट फिरवत होत्या आणि शालनचा फोन वाजला.

"कोण, चौगुले? बोला की." मग ती नुसती ऐकत राहिली. ऐकताऐकताच तिनं पाटावरचा मीटर उचलला, गळ्यातली झेंडूची माळ तशीच राहिली त्याच्या.

"अगं, पूजा..." आक्का म्हणाल्या.

"आक्का, उठा. इंदरची गाडी तिट्ट्याच्या अलीकडं नांदरुकाच्या झाडावर गेलीया. म्हैस आडवी आली म्हणं. जिता हाय. पर पाय अडकलाय."

* * *

टेम्पो शालन चालवत होती. मागं हत्यारं खडखडत होती, अंगावरच्या हळदकुंकवासकट. आक्कांच्या मांडीवर पाचर, पदरात गुंडाळलेली.

"अग्निशमनवाले पोचलेत," शालन रस्त्यावरची नजर न काढता बोलत होती. "पर त्यांना पत्रा कापता येईना. बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली. इंदरचा पाय तिच्या डब्यात आन वाकलेल्या पत्र्यात चेंबलाय, आन नारिंगी केबल त्याच पत्र्यात दबलीया. कात्री लावली की ठिणगी. म्हंजे आधी बॅटरी मारायची, भाईर काढायची, मग पत्रा."

"तू काढशील न्हवं?"

"काढतो की. तुम्ही पाचर पुसून घ्या. कोरड्या फडक्यानं, शेंदूर ओला हाय तवर. पांढरी दिसली पायजे, खाचांतनंसुद्धा."

आक्का पुसायला लागल्या. वरचा माथा पुसला, पहिली खाच पुसली, दुसरी पुसली. फडकं शेंदरी झालं. प्रत्येक खाचेगणिक त्यांना वाटत होतं, आपण देवीच्या अंगावरचं लुगडं फेडतोय. तेही आज, पोरगं मरणाच्या दाढेत असताना. सगळ्यात शेवटी निमुळतं टोक आलं. तिथं शेंदूर दाट बसला होता. ते पाय होते. बिनपायाची, कोरी देवी कुणाच्या राखणीला पाठवायची? आक्कांचा हात थांबला. उलट त्यांनी अंगठ्यानं तिथला शेंदूर जरा दाबला, नीट बसावा म्हणून, आणि पाचर पुन्हा पदरात घेतली.

पाचर ठोकली की तो भाग आत जाणार. कुणाला दिसतोय? इंदरच्या उशापायथ्याशी एवढा तरी देव असू दे.

* * *

ऑक्टोबरचं ऊन. नांदरुकाच्या बुंध्यात गाडीचं तोंड घुसलेलं. अग्निशमन दलाचे चौगुले दोन्ही हात पसरून बघ्यांना मागं रेटत होते. हवेत गोडसर वास होता, पिकून फुटलेल्या फणसासारखा. तो वास डब्यातून गळणाऱ्या रसाचा, हे शालनला माहीत होतं आणि तिनं कुणालाच सांगितलं नाही.

"ताई, डबा तापायला लागलाय," चौगुले हळू आवाजात म्हणाले. "वेळ लई न्हाई. पाणी मारत बसावं तर पोरगं आत हाय."

इंदर शुद्धीवर होता. तोंड राखेसारखं.

"आई, तू कशाला आलीस?" तो म्हणाला. "पूजा मोडलीस व्हय?"

"तुझ्या जिवाची पूजा मांडलीया हितं. गप पडून ऱ्हा."

"मामी, गाडीचं काय?"

"गाडीचं भजं झालंय. त्या पायाची बोटं हलतात का बघ."

त्यानं ओठ दाबून प्रयत्न केला. "कळंना," म्हणाला.

शालननं मोजे चढवले, तोंडावर काच ओढली आणि मागचं सीट उपटून पोटावर आडवी आत शिरली. छोट्या बॅटरीची तार चौगुल्यांनी आधीच तोडली होती. आतून आवाज आला. "प्लग निघाला. आक्का, पाचर."

आक्कांनी पाचर दिली. उभी, माथा वर करून, देव देतात तशी.

"स्वच्छ?"

"व्हय."

एवढाच शब्द. पुढं आक्का आयुष्यात खूप बोलल्या, पण त्या शब्दाइतकं वजन कशालाच आलं नाही. एरवी शालन पाचर उलटीपालटी करून, उजेडात धरून बघायची. त्या दिवशी तिनं नुसता हात मागं केला, कारण पाचर देणाऱ्या बाईचा पोटचा गोळा आत होता. ती कशाला खोटं बोलेल?

ठक, ठक. पाचर बसली.

वीज निवेपर्यंत थांबायचं होतं. इंदरच्या तोंडून कण्हणं ऐकू येत होतं आणि सगळे नुसते उभे होते. मग शालननं मीटरच्या दोन्ही सुया आत लावून पकडीनं अडकवल्या आणि मीटर मागं सरकवला.

"आक्का, हितं बसा. ह्याच्यावर शून्य हाय. शून्य सोडून कायबी दिसलं की सांगा. मी बोल्ट सोडतो."

आक्का मीटरसमोर बसल्या. मीटरच्या गळ्यात अजून झेंडूची माळ होती. शून्य. आत पान्हा करकरला, एक बोल्ट सुटला. शून्य. दुसरा सुटला. चौगुल्यांची माणसं बांबू आणि दोर घेऊन खाली बसली. शून्य. तिसरा बोल्ट गंजलेला, शालन त्याला काहीबाही बोलत होती.

शून्य गेलं आणि दोन आले.

आक्कांना वाटलं, डोळ्यांत पाणी आहे म्हणून. पदरानं डोळे पुसले. पाच. मग नऊ.

देवीचे पाय, आक्कांच्या मनात आलं. अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. तरी त्यांना कळलं.

"शालन, हात काढ."

आतला पान्हा थांबला. मग शालन उलटी सरपटत बाहेर आली आणि मीटरकडं बघितलं. चौदा. तिनं काच वर केली.

"पाचर बसलीया. मग कसं काय?" ती स्वतःशीच म्हणाली.

"मी पाय पुसलं न्हाईत," आक्का म्हणाल्या. "खालचं टोक. शेंदूर तसाच ठेवलाय. मुद्दाम ठेवलाय. माझ्या पोरासाठी."

चौगुले एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिले. शालनच्या चेहऱ्यावर राग आला नाही. राग आला असता तर आक्कांना बरं वाटलं असतं. ती नुसती एकदम थकलेली दिसली.

"शेंदूर म्हंजे शिसं असतंय आक्का," ती म्हणाली. "धातू. त्या रसाच्या तोंडात तुम्ही खाऊ दिलात. आता ह्यो अर्ध्या दिवसाचं काम घटकाभरात करणार."

आक्का अंगठ्यावरचा शेंदूर पदराला पुसू लागल्या.

"माझीबी चूक हाय. दरवर्षी दसरा झाला की ती पाचर मी गुपचूप स्पिरिटनं धुतो. तुम्हाला सांगायचं जिवावर यायचं. तुमचा भाऊ त्यात हाय, आन मी सांगणार, शेंदूर लावू नगा म्हणून?" तिनं काच परत खाली ओढली. "दुसरी पाचर न्हाई. चौगुले, कोल्हापुरातनं यायला किती वेळ?"

"तेवढा वेळ डबा देत न्हाई ताई."

आत इंदर ओरडला. डब्याची ऊब त्याच्या पायाला लागायला लागली होती.

* * *

शालनच्या पेटीत एक पांढरी सुरी होती, चिनीमातीचीच, तारांवरचं रबर सोलायची. पाचर आता उपसून येत नव्हती, तंतूंनी तिला मुळं फुटल्यासारखं धरलं होतं. शालननं सुरीनं ते तंतू खरवडले, टोकाला धातू भाजून बसलेली पाचर हिसडून बाहेर भिरकावली, आणि मोकळ्या फटीत सुरीचं पातं आडवं घातलं. मीटर खाली आला. आणि तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा वर चढायला लागला. फटीच्या कडांना शिसं लागलं होतं, ते पुसून जाणारं नव्हतं. पातं फटीपेक्षा अरुंद होतं. एका बाजूनं कापावं तर दुसऱ्या बाजूनं तंतू. खपली काढत बसावं तशी ती कापत राहिली. कापलं की शून्य, श्वास घेतला की तीन, सहा, दहा.

"मला हितनं हात काढता यायचा न्हाई," ती म्हणाली. "तीन बोल्ट आन केबल ऱ्हायलीया. दुसरा माणूस पायजे."

"आमचे मोजे आगीचे," चौगुले म्हणाले. "विजेला चालायचे न्हाईत."

"पेटीत एक जोडी हाय. जुनी." आणखी एक तंतू कापून ती म्हणाली, "माणूस आत मावला पायजे. तुम्ही सगळे रेडे."

आक्का पेटीकडं गेल्या होत्या आधीच. सडपातळ बाई त्या, वाऱ्यानं उडतील अशा.

"आक्का, थांबा. मोजा तोंडाशी पिळा, आत हवा कोंडा, फुगला की गालाशी धरा. बोटाबोटाशी. कुठं वारा लागतोय का बघा."

आक्कांनी उजवा मोजा पिळला, फुगवला, गालाशी धरला. काही नाही. डावा फुगवला. अंगठ्याच्या मुळाशी, गालावर, कुणी हळूच फुंकर घालावी तसा वारा लागला.

आता काय सांगायचं? गळका आहे म्हटलं तर शालन आत येऊ देणार नाही. आत नाही गेलं तर पोरगं भाजतंय. एवढीशी फुंकर. कुणाला कळतंय? अगदी मघासारखंच. कुणाला दिसतंय?

"वारा लागतोय," आक्का म्हणाल्या. "डावा गळका हाय. अंगठ्यापाशी."

शालननं वळून बघितलं. काचेआड तिचे डोळे दिसत नव्हते.

"उजवा?"

"उजवा चांगला. दोनदा बघितला."

"मग एकाच हातानं करायचं. डावा पाठीमागं न्या आन पदरात खोचा, घट्ट. काय झालं तरी भाईर काढायचा न्हाई. दोन हात लागले तर वीज एकातनं शिरून दुसऱ्यातनं निघती, मधी काळीज असतंय. कळलं?"

"कळलं."

"बारा नंबर घ्या."

मघा दटावून बसवलेला बारा नंबर. आक्कांनी तो उचलला. त्याच्या मानेवर अजून कुंकवाचा ठिपका होता. त्यांनी तो पदरानं खसखसून पुसला, पान्हा उलटा करून दुसरी बाजू बघितली, तीही पुसली, आणि मग आत शिरल्या.

जन्मभर भाकरी थापलेला हात. मनगटात जोर होता, पण पान्ह्याची सवय नव्हती. तो दोनदा घसरला. शालन शेजारी, खांद्याला खांदा लावून, कापत कापत सांगत होती. "डावीकडं. डावी म्हंजे तुमची जेवायची न्हवं ती. हां. रेटा. सासूचं मुंडकं समजून रेटा."

"सासू बरी हुती माझी. नवराच हरामखोर."

"मग त्येचं समजा."

बोल्ट सुटला. चौगुले आता मीटर वाचत होते. "चार. शून्य. सात, ताई, सात. शून्य." दुसरा सुटला. गोड वासानं घसा चिरत होता. पलीकडं, हातभर अंतरावर, इंदरचं डोकं सीटच्या पाठीला टेकलेलं दिसत होतं. तो आता ओरडत नव्हता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"इंदर," आक्कांनी हाक मारली. "बोल की रं."

"काय बोलू?"

"शिव्या दे. मामानं शिकवलेल्या."

त्यानं दिल्या. बारीक आवाजात, एकामागून एक, नीट आठवून. शालन हसली की रडली ते काचेआड कळलं नाही. गंजका बोल्ट तेवढ्यात सुटला.

नारिंगी केबलचं टोक आक्कांनी एका हातानं उपसलं. ते निघेना तेव्हा डावा हात आपोआप पुढं यायला बघत होता, पोरगं पडताना आईचा हात येतो तसा. त्यांनी तो पाठीमागं वळवून मुठीत पदर धरला आणि एकाच हातानं हिसका दिला.

"निघाली."

"तुम्ही भाईर व्हा. चौगुले, ओढा."

बांबू डब्याखाली गेले, दोर ताणले. डबा इंचाइंचानं सरकू लागला, आणि शालन त्याच्यासोबत पोटावर सरपटत निघाली. सुरी फटीत, हात सुरीवर. हात काढला तर डबा गाडीच्या पत्र्याला घासत असतानाच जिता होणार होता. डबा दारातून बाहेर आला. गवतावर आला.

"सोडा ताई. सोडा आता."

तिनं सोडलं. पण पातं तंतूंत अडकलेलं, मुठीसकट तिचा हात एक पळ जास्त राहिला. निळा लोळ उठला, सुरी फुटली, आणि शालन मागं फेकली गेली. डबा उतारावरून चरीत जाऊन पेटला.

तोवर कात्री पत्र्याला लागली होती.

* * *

इंदर जगला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. "थोडं आधी सुटका झाली असती तर..." एवढं म्हणून त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. आक्कांनी ते घरी आणलं आणि रोज पुरं केलं.

शालनच्या उजव्या हाताची जखम भरली, पण दोन बोटं मिटेनात. माणसाच्या अंगात तसला रस नसतो.

"इतका वेळ कशानं लागला मामी?" इंदर खाटेवरून विचारायचा.

"बॅटरी हट्टी हुती," शालन म्हणायची. "काय काय असत्यात तसल्या."

एका दुपारी पेज भरवून झाल्यावर आक्का त्याच्या पायथ्याशी, जिथं एकच पाऊल होतं तिथं बसल्या आणि त्याला सगळं सांगितलं. फडकं, खाचा, पाय, अंगठ्यानं दाबलेला शेंदूर, आणि "व्हय" हा शब्द. इंदरनं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्या दिवसापासून तो आईशी बोलेनासा झाला.

शालन मात्र चिडली. "कशाला सांगितलंत? मी भागवलं हुतं की."

"गळका मोजा गळका म्हणायचा," आक्का म्हणाल्या. "न्हाईतर पुढच्या येळेला तो कोण घालील?"



तुळशीची लग्नं उरकली. गॅरेज पुन्हा उघडलं, कारण पोट उघडंच होतं. चौगुल्यांनी गवतात सापडलेली जुनी पाचर आणून दिली, टोकाशी काळी रेघ ओढल्यासारखी जळलेली. ती आक्कांनी देव्हाऱ्यात ठेवली. शेंदूर तिला. कामाला नवी, त्याच कारखान्यातून करून आणलेली, जिच्यासमोर आक्का कधी उदबत्तीही लावत नाहीत.

पहिली गाडी आली ती एका मास्तरांची, धक्का लागलेली. शालनची बोटं पान्हा धरू शकत नव्हती, म्हणून मोजे आक्कांच्या हातात. दोन्ही नवे, दोन्ही फुगवून गालाशी धरलेले. शालन शेजारी बसून सांगणार, आक्का करणार, असं ठरलं होतं. इंदर शटरजवळच्या खाटेवर, कुबडी भिंतीला टेकवून, ऊन खात पडला होता. पाणी हवं असलं की तो शालनला हाक मारायचा. पाणी आक्काच आणायच्या, तो पेला घ्यायचा, बघायचा नाही.

प्लग निघाला. आक्कांनी पाचर उचलली.

"स्वच्छ?" शालननं विचारलं.

आक्का "व्हय" म्हणाल्या नाहीत. त्यांनी पाचर उलटी केली, टोक वर, माथा खाली, आणि शटरमधून येणाऱ्या उन्हात धरली. सावकाश फिरवली. आधी शालनसमोर. मग, हात थोडा लांब करून, खाटेच्या दिशेनं.

शालननं मान हलवली. आक्कांचा हात मात्र तसाच उन्हात राहिला.

खाट करकरली. इंदर कोपरावर उठला होता. त्यानं डोळे बारीक केले आणि बराच वेळ बघितलं.

"आई," तो म्हणाला. "खालनं दुसरी खाच. कडंला कायतरी हाय."

आक्कांनी पाचर डोळ्यांजवळ नेली. त्यांना तिथं काहीच दिसलं नाही. त्यांनी फडकं घेतलं आणि दुसरी खाच पहिल्यापासून पुन्हा पुसायला घेतली.